पोटऱ्यांवरचं तुझं वजन

आई, तुला वाचता येत नव्हतं. माझं पत्र आलं की ते तू शेजारच्या मास्तरांकडं न्यायचीस आणि ते ओसरीवर बसून खड्या आवाजात वाचायचे, म्हणून पाय दुखतात हे मी सांगलीहून कधी लिहिलं नाही. पोरीच्या मांड्या-पोटऱ्यांची खबर तू मास्तरांच्या तोंडून ऐकायची म्हणजे काय! आता मध्ये वाचणारं कुणी नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. उंब्रजच्या शाळेत खो-खो शिकवणाऱ्या नव्या बाई आल्या आणि त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला मैदानभर बेडूकउड्या मारायला लावल्या, मग पळायला, मग पुन्हा उड्या. त्या दिवशी काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या अशा गच्च झाल्या की चुलीपुढं बसता येईना, आणि कशीबशी बसले तर उठता येईना. तू भाकरी थापता थापता बघत होतीस. "भांगलायला चल म्हटलं की पाय दुखत्यात, आन् तिकडं फुकटच्या उड्या मारतीस व्हय?" एवढं बोलून झाल्यावर हात धुतलेस आणि म्हणालीस, "पड पालथी."

रानातल्या कामानं तुझे हात फुटलेले असायचे, म्हणून तू पायांनीच पाय तुडवायचीस. घरातल्या मधल्या मेढीच्या खांबाला धरून, टाच न टेकवता, पोटऱ्यांवरून हळूहळू मांड्यांपर्यंत यायचीस. मी ओरडते, तू हसतेस. "हालू नगंस, न्हाईतर दोघीबी पडू." आप्पा फौजेत, घरात आपण दोघीच, आणि एरवी तुला बोलायला सवड कुठं असायची? माझ्या पायांवर उभी राहिलीस की मात्र तुझं तोंड सुटायचं. लहानपणी तू पोरांच्या बरोबरीनं बैलगाडीपुढं पळायचीस, हे मला असंच पालथं पडल्या पडल्या कळलं. उड्यांचा मला कंटाळा होता. त्यानंतरच्या या दुखण्याची मी वाट बघायचे.

सांगलीच्या वसतिगृहात राहून खेळायला माझी निवड झाली तेव्हा बाई घरी आल्या. मी गेले तर तू एकटी पडणार, हे तिघींनाही कळत होतं. मग तूच म्हणालीस, "पाय तिचं हायत, बाई. तिलाच इचारा." मी हो म्हणाले. तू चहा टाकायला आत गेलीस.

तिथं उड्या दुप्पट आणि पळणं दुप्पट. संध्याकाळी जिना उतरताना पाय लटपटायचे. खोलीतली एक मुलगी बाम द्यायची. बाम चांगला होता, पण तो बोलत नव्हता.

तू एकदाच आलीस, कराडला गाडी बदलून. मला भिंत धरून चालताना बघितलंस, पिशवी ठेवलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "पड पालथी." मुली खिदळल्या. मग एकीनं हळूच विचारलं, "मावशी, माझे पण?" बघता बघता आम्ही सगळ्या ओळीनं पालथ्या पडलो आणि तू खिडकीचे गज धरून एकीवरून दुसरीवर. "गप ऱ्हावा गं पोरींनो, उसाच्या कांड्यावानी पाय झाल्यात तुमचं!" सगळ्या खूश, मी मात्र आतून जळत होते. माझ्यावर तू सगळ्यात कमी वेळ उभी राहिलीस, असं मला अजूनही वाटतं. संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस. दिवाळीला घरी गेल्यावर पोटभर तुडवून घ्यायचं मी ठरवलं होतं. त्याआधीच तू तापानं गेलीस.

आता मी याच सांगलीत एकटी राहते. हे जाऊन चार वर्षं झाली, मुलगा पुण्यात असतो, रविवारी फोन करतो. अंगाला हात लागतो तो फक्त बीपी बघणाऱ्या नर्सचा. फार एकटं वाटतं गं.

गेल्या आठवड्यात दार लावून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत बेडूकउड्या मारल्या, दम लागेपर्यंत. दुसऱ्या दिवशी मांड्या अगदी तशाच गच्च. चटई टाकून पालथी पडले आणि दुपारपर्यंत पडून राहिले. मुलाचा फोन आला. त्याला सांगितलं, जिन्यात पाय मुरगळला. तुला खरं सांगते, मी पाय मुद्दाम दुखवून घेतले.