मध्यरेषा

७ जानेवारी

वर्गाला गेलो. जाऊ नये असे वाटत असतानाच पाय जिना चढले.

छापखान्याच्या वरचा मजला. लांबट खोली, खिडक्या उत्तरेकडे. आठ-दहा प्रौढ माणसे, प्रत्येकासमोर लाकडी फळी आणि तिच्यावर चिमट्याने अडकवलेला कागद. शिक्षिका माझ्या मुलीहून थोडी मोठी असावी. पूर्वी कधी चित्र काढले आहे का, असे तिने विचारले. मी सांगितले की पाणीपुरवठा खात्यात अभियंता होतो, नोकरीभर नकाशे काढले आणि तपासले. "मग रेषेची भीती नाही तुम्हाला, काका," ती म्हणाली.

'काका' खटकले. परंतु हरकत कोणत्या शब्दांत घेणार?

चित्रकला माझ्या अंगात नाही, हे मी शाळेपासून जाणतो. मला एकच चेहरा काढावयाचा आहे. तो साधला की वर्ग सोडेन. हे तिला सांगितले नाही.

९ जानेवारी

कारण लिहून ठेवतो. म्हणजे पुढे स्वतःची दिशाभूल करता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी हिच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. ओठ यथावकाश सरळ झाले. एक पापणी मात्र अर्धी मिटलेली राहिली, ती कायमची. त्यामुळे बोलताना असे वाटे की ही आपले म्हणणे ऐकून तर घेते आहे, पण पटलेले नाही. वाचताना चष्म्याच्या काचेखालून बोट घालून ती पापणी वर धरीत असे. कार्यालयाच्या ओळखपत्रासाठी एकदा बसावे लागले ते सोडले, तर त्यानंतर ही कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. घरातले सगळे फोटो हिनेच काढले – म्हणजे आपण त्यांत यायला नको!

भिंतीवरचा फोटो ओळखपत्रावरून मोठा केलेला आहे. तो करून आणण्याचे काम मेहुणीने अंगावर घेतले आणि फोटोवाल्याला 'तेवढा डोळा नीट करा' असे सांगितले. त्याने चांगला डोळा उलटा करून दुसऱ्या जागी बसवला. काम सफाईदार आहे. ओळखपत्र कार्यालयाने जमा करून घेतले. फोटोवाल्यानेही मूळ प्रत ठेवलेली नाही. मी स्वतः जाऊन विचारून आलो.

अलीकडे डोळे मिटले की हा फोटो दिसतो. ही दिसत नाही.

(बायको गेली, तरी अजूनही लेखणीतून 'ही' असेच उतरते. 'ती' लिहिले की परक्या बाईविषयी लिहितो आहे असे वाटते.)

१४ जानेवारी

किटली काढावयास दिली होती. मी आधी मध्यरेषा आखली, दोन्ही बाजूंची अंतरे पट्टीने मोजली. शिक्षिकेने बराच वेळ पाहिले. म्हणाली, किटली उत्तम आहे, ही कारखान्यातून करून घेता येईल. पण समोरच्या किटलीला पोचा आहे, तो कुठे गेला?

पोचा मला दिसला होता. तो दोष असल्यामुळे मी वगळला होता.

शेजारी दातांचे डॉक्टर बसतात. त्यांच्या किटलीला नळीच नव्हती. ते म्हणाले, "मी आयुष्यभर माणसांची तोंडं पाहिली, पण सगळी आतून. बाहेरून काही जमत नाही मला." सगळे हसले. मलाही हसू आले. ओठ विचित्र ताणले गेले, जणू सवय मोडलेला दरवाजा.

परतताना पाऊस नसतानाही मुलगी छत्री घेऊन खाली उभी होती. 'सहज आले,' म्हणाली. वर येऊन शिक्षिकेशी दोन शब्द बोलली. माझ्यावर लक्ष ठेवले जात आहे, हे मला कळते.

१८ जानेवारी

मेहुणी आली होती. फळीवरची चित्रे उलटीपालटी करून पाहिली.

"मडकं भाजून झाल्यावर त्याला आकार देता येतो का, भावजी? असल्या गोष्टी लहानपणी बोटांत उतराव्या लागतात."

मी म्हटले, मला कलावंत व्हायचे नाही, फक्त तुमच्या ताईचा चेहरा काढायचा आहे. तिने भिंतीकडे बोट केले – हा काय आहे चेहरा, किती छान! त्यात डोळा खरा नाही, असे मी म्हणालो. तशी ती म्हणाली, "ताईच्या डोळ्याला काही झालेलं नव्हतं. थकायची जरा, एवढंच. निदान गेल्यावर तरी तिला छान दिसू द्या."

चहा न घेता गेली.

तिच्यावर राग धरता येत नाही. तिला बहीण धडधाकट हवी आहे. मला बायको होती तशी हवी आहे. फोटो एकच आहे.

१९ जानेवारी

कोणती पापणी?

२० जानेवारी

काल कागदावर दोन डोळे आखले आणि हात थांबला. डावी की उजवी, हे मला सांगता येईना!

सकाळी ही आरशासमोर केस विंचरीत असे आणि मागे उभा राहून मी शर्टाची बटणे लावीत असे. तो चेहरा आरशातला. संध्याकाळी जेवताना ही माझ्यासमोर बसे. तो चेहरा समोरचा. दोन्ही मनात आहेत आणि दोन्हींत पापणी वेगवेगळ्या बाजूला आहे. आरशातला कोणता आणि समोरचा कोणता, हेच आता वेगळे करता येत नाही.

मुलाला फोन केला. तो दूर असतो, कामात असतो. आधी 'उजवी' म्हणाला; मग 'थांबा हं, डावी'; मग म्हणाला, "बाबा, आता काय करायचंय त्याचं?" त्याच्या आवाजात चिडचीड नव्हती, काळजी होती. ती अधिक लागली.

मुलीला जेवताना विचारले. तिने घास तसाच धरून विचार केला. "आठवत नाही मला," म्हणाली. "पापणी खाली होती हेच मी विसरले होते. मला ती तशीच दिसायची – आईसारखी."

हिच्या आजारपणाचे कागद घर बदलताना गेले. जगात आता असे कोणी नाही ज्याला हे ठाऊक आहे. ज्याला ठाऊक असावयास हवे होते, तो हे लिहीत बसला आहे.

२ फेब्रुवारी

वर्ग. चेहरा पुन्हा बिघडला. प्रत्येक वेळी फोटोच उतरतो, आणि तोही वाईट उतरतो.

११ फेब्रुवारी

सर्दी. गेलो नाही. खरे म्हणजे सर्दी फार नव्हती.

मुलगी माझ्याकडे राहायला आल्यापासून घरात दिवा लवकर लागतो. टेबलाशी ती माझ्यासमोर, हिच्या खुर्चीवर बसते, कारण दुसरी खुर्ची डुगडुगते. पहिल्या दिवशी मला ते सहन झाले नव्हते. आता लक्षातही येत नाही. माणसाला कशाचीही सवय होते, ही काही चांगली गोष्ट नव्हे.

१६ फेब्रुवारी

शिक्षिकेने आज मला बाजूला बोलावून सरळ विचारले, "काका, कुणाचा चेहरा काढताय?" घरच्या माणसाचा, असे म्हणालो. तिने पुढे विचारले नाही. चेहरा काही दिवस सोडा, म्हणाली. त्या माणसाची रोजच्या वापरातली एखादी वस्तू आणा आणि ती काढा.

मी विचारले की या वयात हे खरोखर शिकता येते का. तिने खरे उत्तर द्यावे, असेही म्हटले.

"हात शिकतो, काका. कोणत्याही वयात शिकतो. डोळ्याचं सांगता येत नाही. त्याला वाटतं आपल्याला सगळं आधीच माहीत आहे."

२३ फेब्रुवारी

हिचा चष्मा नेला.

तो कपाटातून काढताना मुलगी दारात उभी होती. तिने मऊ फडके आणून दिले.

माझी पद्धत अशी की एक बाजू नीट काढावयाची, मध्यरेषेवर कागदाची घडी घालावयाची आणि खिडकीच्या काचेवर धरून दुसरी बाजू उतरवावयाची. खात्यात कमानी आणि टाक्या अशाच काढीत असू. वेळ वाचतो, चूक होत नाही. चष्माही तसाच काढला. चित्र सुबक झाले. दातांचे डॉक्टर म्हणाले, "वा, दुकानात लावा!"

शिक्षिकेने कागद उचलला, उजेडात धरला आणि घडीवरून नख फिरवले. "हा अर्धा चष्मा आहे," म्हणाली. "उरलेला तुम्ही पाहिलाच नाहीत."

अपमान वाटला. चष्मा खिशात घालून निघालो. अर्ध्या जिन्यात थांबावे लागले.

फोटोवाल्याने दुसरे काय केले होते? चांगली बाजू घेतली, उलटी केली, बसवली. वेळ वाचला, चूक झाली नाही. आणि मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालीत आलो आहे!

२४ फेब्रुवारी

सकाळी जेवणाच्या टेबलावर चष्मा ठेवला. पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर लावून घेतला.

दुसऱ्या बाजूपासून सुरुवात केली. रेषा घसरते, खोडरबराने कागद मळतो. तरी सोडले नाही. हळूहळू ध्यानात आले की हा चष्मा दोन्ही बाजूंना सारखा नाहीच. एका बाजूची दांडी बिजागरीपाशी सैल होऊन बाहेर झुकली आहे. तीच काच किंचित पुढे आली आहे, आणि तिच्या खालच्या कडेचा रंग उडून आतला धातू चकाकतो आहे. दुसरी कड नव्यासारखी.

बोट! काचेखालून घातलेले, रोज, इतकी वर्षे.

परंतु टेबलावर पडलेल्या चष्म्याची डावी-उजवी ठरवताना माझा पुन्हा गोंधळ होऊ लागला. आरसा, समोर, आरसा, समोर. शेवटी मी तो स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. सगळे धूसर झाले. चकाकणाऱ्या कडेखालून बोट घालून पाहिले. डावा हात. डावी पापणी.

हिची डावी.

चष्मा उतरवायला वेळ लागला. काचा पुसल्या, मग लक्षात आले की ओल्या काचा नव्हत्या.

२५ फेब्रुवारी

मुलाला कळवले. "बरं झालं, बाबा," म्हणाला. मग म्हणाला, "बोट घालून वाचायची, हे मला आत्ता आठवलं."

९ मार्च

डोळा आला!

फक्त डोळा. वर्गात पाच-सहा कागद वाया गेल्यावर पापणीची रेषा एकदाच, न उचलता ओढली आणि ही माझ्याकडे पाहू लागली – ऐकून घेत, पण न पटलेली. मी पेन्सिल खाली ठेवली. कोणाला दाखविले नाही. दातांचे डॉक्टर डोकावले आणि या वेळी विनोद न करता आपल्या जागी परत गेले.

आता बाकीचा चेहरा या डोळ्याच्या आधाराने उभा राहील. एक बिंदू पक्का असला की नकाशा पुरा करता येतो, हे मी कनिष्ठांना नेहमी सांगत असे.

१२ मार्च

मेहुणी फोनवर म्हणाली, अजून तेच चाललंय का? होय म्हणालो. ती म्हणाली, जमलं तर दाखवा. नंतर घाईने म्हणाली की नाही जमलं तरी दाखवा.

२० मार्च

नाक, गाल, हनुवटी. मध्यरेषा आखली नाही, घडी घातली नाही. फोटोकडे पाठ करून बसतो. आश्चर्य असे की आता अडत नाही. कपाळावरचे केस कसे वळतात, ओठांच्या कोपऱ्याशी सावली कशी पडते, हे हाताला आधीच ठाऊक असल्यासारखे वाटते. इतके दिवस ही कोठे होती?

२३ मार्च

पुरे झाले. हुबेहूब म्हणण्याचे धाडस मी करीत नाही. परंतु हा जिवंत माणसाचा चेहरा आहे, भिंतीवरच्या फोटोचा नव्हे. मडके भाजून झाले होते, तरी आकार आला!

शिक्षिका चित्रासमोर उभी राहिली. "काका, यांना मी कुठेतरी पाहिलंय असं वाटतंय," म्हणाली. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. हिला तिने कधीच पाहिलेले नाही. यापेक्षा मोठी पावती कोणती?

वर्ग सोडतो, असे सांगून आलो.

२४ मार्च

मुलीला चित्र दाखविले. हिच्या खुर्चीवर बसून तिने ते बराच वेळ पाहिले.

"बाबा, डावा डोळा आईचा आहे," म्हणाली. "बाकी सगळी मी आहे."

पडताळून पाहिले. बरोबर आहे.

"मला बसवायचं होतं तर सांगायचं ना. बसले असते मी."

बसतेसच की रोज – असे ओठांवर आले होते.