दोन इंची की तीन इंची

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अण्णा,

या वहीत तुम्हाला मागचं पत्र लिहिलं ते तुमच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी. त्याला आता सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सांगण्यासारखं काही घडलं नाही असं नाही, पण संध्याकाळी घरी आल्यावर लिहायला बसायचं म्हणजे पुन्हा एकदा कामावर गेल्यासारखं वाटतं. माफ करा. आज बसले आहे तेही तुमची फार आठवण आली म्हणून नव्हे. एक निर्णय तीन आठवडे माझ्यापाशी पडून आहे, उद्या दुपारी त्याची मुदत संपते, आणि त्यातलं तुमच्याइतकं कळणारं दुसरं माणूस मला माहीत नाही.

आपला धाकटा आता डोंगरात राहतो. कळसूबाईच्या नव्हे, हिमालयातल्या. तुम्ही गेल्यावर सहा-सात वर्षांनी तो पुण्याची नोकरी सोडून गिर्यारोहण शिकायला म्हणून गेला आणि तिकडेच राहिला. त्याच्या खोऱ्यात डिसेंबर ते मार्च रस्ता बंद असतो. वरच्या वस्तीत पंधरा-वीस घरं आहेत, दवाखाना खाली, आणि मधल्या चढावर त्याची स्नोमोबाईल चालते. तुम्ही ही गाडी पाहिलेली नाही. मोटरसायकलवर बसतो तसं बसायचं. पुढे चाकाच्या जागी दोन लांब घसरपट्ट्या आणि मागे रबराचा एकच रुंद पट्टा. फौजेत तुम्ही दुरुस्त करायचा त्या रणगाड्यांना दोन बाजूंना दोन असायचे, हिला मधोमध एक. पट्ट्याला बाहेरून रबराचे दात असतात, ते बर्फात रुततात आणि गाडी पुढे सरकते. मागच्या फेब्रुवारीत त्या पट्ट्याचे दात निखळायला लागले आणि एका दुपारी, मागे तापाने फणफणलेली एक म्हातारी बसलेली असताना, पट्टाच फाटला. त्याने तिला पाठीवर घेऊन खाली आणलं. म्हातारी वाचली. त्याच्या पायाची दोन बोटं काळी पडली होती, हे मात्र त्याने मला जूनमध्ये सांगितलं, तेही बोलण्याच्या ओघात, आईच्या औषधांविषयी बोलताना.

नवा पट्टा परदेशातून येतो. दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडे त्याच्या गाडीला बसतील असे दोनच शिल्लक आहेत. दोन्ही एकशे बासष्ट इंच लांब, रुंदी सारखी. एकाचे दात दोन इंच उंच, दुसऱ्याचे तीन. व्यापाऱ्याने दोन्ही उद्या दुपारपर्यंत माझ्यासाठी राखून ठेवलेत. त्यानंतर ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला जातील; परदेशातून नव्याने मागवलेला पट्टा रस्ता बंद व्हायच्या आत वर पोचणार नाही आणि धाकट्याची गाडी हा हिवाळाभर उभी राहील.

"ताई, कुठला ते तूच ठरव," तो फोनवर म्हणाला. "मला त्या व्यापाऱ्याच्या कागदातलं काही कळत नाही."

"बर्फ तू बघतोस. मी नगरमध्ये बसून काय ठरवू?"

"पट्टे तू बघतेस ना? अण्णा असते तर त्यांनाच विचारलं असतं. आता तूच अण्णा."

तो हसला. मला हसू आलं नाही. तुमच्या जागेवर बसायला मला कुणी सांगितलं की माझी पाठ दुखायला लागते.

मी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पट्ट्यांवर चालणारी ऊसतोडणीची यंत्रं दुरुस्त करण्याचं काम बघते. सध्या हंगामाआधीची घाई आहे. सात यंत्रं ओळीने उभी आहेत आणि प्रत्येकाच्या मालकाला आपलंच आधी हवं आहे. एका यंत्राचा चालक पाथर्डीकडचा, तिशीचा, त्याचे आईवडील आयुष्यभर तोडणीला जायचे. तीन आठवड्यांपूर्वी चहाच्या वेळी मी त्याला मोबाईलवर दोन्ही पट्ट्यांचे फोटो दाखवले.

"मॅडम, ह्यात इचार काय करायचा? मोठा दात घ्या. चिखलात मोठा दातच वढतो."

"चिखल नाही रे, बर्फ आहे."

"मंग थंड चिखल."

सगळी शेड हसली. तो आणखी चढला. "माझ्या बापाला कुनी कंदी इचारलं न्हाई, कोयता केवढा पायजे म्हनून. दिला त्यो हानला. तुमी लई इचार करता."

मला ते पटलं, अण्णा. म्हणजे, पटायला मी तयारच होते. आपल्या काळ्या रानात यंत्राची एकच भीती असते, ते रुतेल ही. त्यामुळे दात जितका मोठा तितका चांगला, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मी त्याच संध्याकाळी धाकट्याला कळवलं की तीन इंची घेऊ. त्यालाही आवडलं. तो म्हणाला, ताजा बर्फ कमरेएवढा असतो, तीन इंची दात म्हणजे मजा येईल. मजा हा शब्द मला लागला. इथे मी आईला उठवून बसवते, न्हाऊ घालते, डबा भरते, शेडवर जाते, आणि हा तिकडे मजा करणार. ऑर्डर मात्र मी दिली नाही. आज व्यापारी फोन उचलत नाही, उद्या शेडमध्ये गडबड आहे, परवा आईला दवाखान्यात न्यायचंय, अशी रोज काहीतरी कारणं निघत गेली.

मग शनिवारी, यंत्राच्या एका जुन्या पट्ट्याशी उभी असताना, मला नेवाशाजवळचं ते कालव्याचं काम आठवलं. तुम्ही निवृत्त झाला होता आणि ठेकेदारांची यंत्रं बघायला जायचा. माझं इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष संपलेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमच्याबरोबर आले आहे, बसमध्ये तुम्ही खिडकी मला दिली आहे. तिथे एका बुलडोझरचा लोखंडी पट्टा काढून जमिनीवर सरळ पसरलेला आहे, एखादा अजगर उन्हात पडावा तसा. मालकाला नवा, जास्त रुंद हवा आहे. मी पिशवीतून माहितीपुस्तक काढते आणि आकडे वाचायला लागते. तुम्ही चपला काढता. अनवाणी, वाकून, पट्ट्याच्या कडेकडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत जाता. लोखंड तापलेलं असणार. मग मला विचारता, "काय दिसतंय?"

"घासलाय."

"घासलाय ते म्हशीलाबी दिसतंय. कुठं घासलाय?"

तुम्ही दाखवलंत. एका कडेची झीज दुसरीपेक्षा दुप्पट होती. तुम्ही चालकाला हाक मारली आणि विचारलंत, "रोज डावीकडंच वळतो का रे तू?" तो चमकला. मातीचा ढीग कायम डावीकडे टाकायचा होता, म्हणून तो वळायचाही तिकडेच. रुंद पट्ट्याने काही झालं नसतं. तुम्ही मालकाला सांगितलंत, "जुनंच माप घ्या, अन् ढीग दोन्हीकडं टाका." परतीच्या बसमध्ये तुम्ही मला एवढंच म्हणालात, "आधी पुस्तक उघडलंस. पट्टा तिथंच पडला हुता." रागावून नाही. मला मात्र घर येईपर्यंत खिडकीबाहेरच बघावं लागलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमची सहा इंची पोलादी पट्टी माझ्या पुस्तकावर ठेवून गेलात. ती त्या बोलण्याची भरपाई होती की नव्या धड्याची सुरुवात, हे मी तुम्हाला विचारलं नाही.

शनिवारीच मी धाकट्याला म्हटलं, जुना पट्टा अंगणात सरळ पसर आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोबाईल धरून सावकाश चाल. बाहेरून एकदा, आतून एकदा. "फाटकाच तर आहे," तो कुरकुरला. "त्यात काय बघणार?" तरी रविवारी त्याने व्हिडिओ पाठवला. मी तो स्वयंपाकघरात, भाकरी तव्यावर असताना बघायला सुरुवात केली आणि भाकरी करपली.

अण्णा, तो पट्टा मऊ बर्फात चाललेलाच नव्हता. मऊ बर्फात दातांची टोकं शाबूत राहतात, एवढं मला ठाऊक आहे. याची टोकं गोल झाली होती, कडा तुटल्या होत्या, मुळाशी चिरा होत्या. आतल्या बाजूला, पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो तिथे, प्लास्टिक वितळून रबरावर काळी चकाकी चढली होती. उडालेला भुसभुशीत बर्फ आत गेला तर ती जागा थंड राहते. तिथे तो जातच नव्हता. म्हणजे खाली टणक, दाबलेला, जवळजवळ फरशीसारखा बर्फ. म्हणजे रोज तीच एक वाट.

मी लगेच फोन केला. "तू ताज्या बर्फात किती वेळा जातोस? खरं सांग."

"वर्षातून चार-पाच वेळा. पाहुणे आले तर."

"आणि एरवी?"

"एरवी काय, वर-खाली. सिलिंडर, पीठ, गोळ्या, कुणाची शाळेची परीक्षा असली तर पोरं. दिवसाला तीन फेऱ्या. रस्ता मीच दाबून ठेवतो, त्याच्यावरूनच जायचं." मग म्हणाला, "एसटीच चालवतो म्हण ना, ताई. फक्त कंडक्टर नाही."

माझ्या डोक्यात दहा वर्षं त्याचं जे चित्र होतं ते असं नव्हतं. बर्फ उधळत जाणारा, हसणारा, जबाबदारी टाकून गेलेला असा तो मला दिसायचा. मी ते चित्र सांभाळूनही ठेवलं होतं, कारण थकलेल्या माणसाला राग धरायला कुणीतरी लागतं. तो मला कधी खोटं बोलला नाही. मी त्याला कधी विचारलं नाही, एवढंच. त्या पट्ट्यावरून मला कळलं की तोही रोज तीच वाट चालतो आहे.

त्यामुळे उत्तर सोपं आहे. टणक वाटेवर तीन इंची दात टोकांवर उभे राहतील, लवतील, तापतील आणि मुळातून सुटतील, बहुधा फेब्रुवारीतच, बहुधा मागे कुणीतरी बसलेलं असताना. शिवाय त्याची गाडी जुनी, तिच्या पोटात एवढ्या उंच दातांना जागाही नाही; वर घासले असते. दोन इंची. जुन्याचं होतं तेच माप. तुम्ही हे पाच मिनिटांत सांगितलं असतं.

आई आता फारशी उठत नाही. ती रविवारी पलंगावरून सगळं ऐकत होती. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "त्याचं यंतर मोडलंय व्हय?"

"पट्टा गेलाय. नवा घ्यायचाय."

"कशाला घेतीस? मोडलंय तर मोडू दे की. घरी यील त्यो."

"आई, तिथल्या लोकांचं काय?"

"त्यांच्यात न्हाई का कुनी? माझ्या मागं तू येकलीच हायेस." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझी भाकर करपली बघ."

इथपर्यंत लिहून मी थांबले होते. पुढचं लिहावं की नाही हे ठरत नव्हतं. पण ही वही कुठे जाणार नाही आणि तुम्हीही वाचणार नाही, मग लपवायचं कुणापासून?

तीन इंची घेऊ म्हणाले तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. ती चूक काळ्या रानाची होती, एवढं मी स्वतःला माफ करू शकते. पण व्हिडिओ रविवारी आला. उत्तर मला रविवारीच कळलं. सोमवारी सकाळी दहाला फोन करता आला असता. आज सकाळीही करता आला असता. व्यापाऱ्याचाच फोन आला होता आणि मी तो शेडमध्ये उभी राहून वाजू दिला. पाथर्डीचा तो चालक म्हणालाही, "मॅडम, फोन." मी म्हटलं, "असू दे."

आई बोलून गेली ते मी तीन आठवडे न बोलता करत होते. मुदत आपोआप टळावी, असं मला वाटत होतं. कुणी नाही म्हटलेलं नसावं, फक्त उशीर झालेला असावा. मग तो डिसेंबरात इथे आला असता, आईच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला असता, आणि मला एखाद्या सकाळी कुणी हाक न मारता सात वाजेपर्यंत पडून राहता आलं असतं. अण्णा, एवढ्यासाठी मी वरच्या वस्तीतल्या लोकांना एक अख्खा हिवाळा पायी उतरायला लावणार होते. त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा मला माहीत नाही, म्हणून ते जमत होतं.

त्याला "ये" असं मी कधीच म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर कदाचित रस्ता उघडल्यावर, एप्रिलमध्ये, तो आला असता. ते म्हणायला मला लाज वाटते. उशीर करायला वाटली नाही.

उद्याचं काम: सकाळी दहाच्या आत दिल्लीला फोन. एकशे बासष्ट इंची, दोन इंची दात. पक्का करणे.