बिघाड गिम्बलमध्ये नव्हता

ता. १७, शनिवार, दुपार
दुकानातून

प्रिय ताई,

तुला नमस्कार, चिमणीला पापा, आणि घरातल्या थोरांना ज्याला जो लागेल तो.

मी मजेत आहे. दाजीही मजेत आहेत. जेवण वेळेवर होतं, खोलीत पाणी येतं, शेजारचा सुतार अजून तसाच घोरतो.

पत्र दाजींच्या कामावरच्या, आपल्याकडच्या वेल्डरच्या हाती देतोय. तो रजेवर निघालाय, उद्या संध्याकाळी तुझ्या दारात येईल. त्याला चहा दे, पण पत्र त्याच्यासमोर फोडू नकोस. आत जाऊन वाच. हातात फोन असताना हा कागद कशाला, असं तुला वाटेल. सांगतो. आधी कामाचं सांगतो, कारण सुरुवात तिथूनच झाली.

तुला माहीत आहे, माझ्या पायाला भिंगरी. पण या दुकानात मी टिकलोय. ड्रोन दुरुस्त करतो. ड्रोनच्या पोटाखाली कॅमेरा धरणारा एक छोटा हात असतो, त्याला गिम्बल म्हणतात. त्यात नखाएवढ्या तीन मोटरी. वाऱ्याने ड्रोन कितीही हेलकावो, त्या कॅमेऱ्याला सरळ धरतात. भरला हंडा डोक्यावर घेऊन बाई चालते, तसं समज. कंबर हलते, हंडा नाही. मालक म्हणतो, तू स्वतः एका जागी ठरत नाहीस आणि दुसऱ्यांचं थरथरणं बरं करतोस. जिभेला हाड नाही त्याच्या.

तर एक फोटोवाला आहे. दाजी ज्या इमारतीच्या कामावर क्रेन चालवतात, तिथला दर आठवड्याचा व्हिडिओ तोच काढतो. त्याने ड्रोन आणलं. म्हणे, चित्र थरथरतं. मी गिम्बल उघडलं, रबराच्या गुंड्या सैल वाटल्या, बदलल्या. दुकानामागच्या गल्लीत उडवलं, चित्र दगडासारखं स्थिर. तो घेऊन गेला आणि परत आला. पुन्हा थरथर. मग मी आतली पट्टीवायर बदलली. पुन्हा परत. मालक गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "गिम्बल हलतंय की तुझा हात?"

डोकं फिरलं माझं. फोटोवाल्याला म्हटलं, मी इमारतीच्या कामावर सोबत येतो, माझ्यासमोर उडव.

ताई, इथून पुढचं शांतपणे वाच.

कॅमेऱ्यात एक सोय असते. पडद्यावर एखाद्या वस्तूभोवती चौकोन ओढला की कॅमेरा तिच्यावरची नजर काढत नाही. फोटोवाला चौकोन ओढायचा क्रेनच्या खांबावर, अगदी खाली, बुडाशी. पिवळाधमक खांब, चटकन धरला जातो. मी बघत होतो. चित्र शांत होतं. मग क्रेनने लोखंडी सळ्यांचा भारा उचलला आणि चित्र थरथरलं. भारा खाली टेकला, चित्र शांत. पुन्हा उचलला, पुन्हा थरथर. म्हटलं, गिम्बलला काय माहीत क्रेनने भारा उचललाय ते?

फोटोवाल्याच्या हातातून रिमोट घेतला आणि तो चौकोन काढून टाकला. कॅमेरा मोकळा केला. या वेळी मागची भिंत स्थिर, जमीन स्थिर, उभ्या गाड्या स्थिर. हलत होता तो खांब. झोपाळ्यावर बसलेल्याला झाड हलताना दिसतं ना, तसं झालं होतं इतके दिवस. कॅमेरा क्रेनला चिकटून तिच्याबरोबर हलायचा, आणि आम्ही म्हणायचो कॅमेरा बिघडला. मी चांगल्या गिम्बलची हाडं मोडत बसलो होतो.

क्रेन वर डुलते हे मलाही कळतं. पण हा खांब बुडाशी हलत होता. जिथे तो जमिनीत बोल्टांनी आवळलाय तिथे. बोटभर उचलला जायचा आणि बसायचा.

आणि वर, काचेच्या खोलीत, दाजी.

मी फोटोवाल्याला खांब दाखवला आणि तो व्हिडिओ माझ्या फोनमध्ये घेतला. फोटोवाला म्हणाला, "माझं काम व्हिडिओचं. चित्र स्थिर झालं ना? बस झालं."

संध्याकाळी खोलीवर दाजी शर्ट धूत होते. मी सगळं सांगितलं. ते हसले. "अरे साल्या, क्रेन आहे ती, डुलणारच. जी डुलत नाही ती मोडते."

"वर डुलते दाजी. बुडखा कसा डुलेल?"

ते बाहीला साबण चोळत राहिले. चोळत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "गेटाच्या बाजूचा माल उचलताना ना?"

मी बाजू सांगितलीच नव्हती, ताई.

त्यांना माहीत आहे. बऱ्याच दिवसांपासून माहीत आहे. त्या बाजूचं वजन उचललं की बसल्या जागी खालून दणका लागतो, म्हणाले. एकदा सुपरवायझरला सांगितलं, तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "भीती वाटत असेल तर खाली उतर. वर बसायला रांग लागलीय." तेव्हापासून तोंड शिवलंय. त्या बाजूचा माल थोडा थोडा करून उचलतात. "मी सांभाळून घेतो रे," म्हणाले. बोल्ट कसे सांभाळून घेणार, मी विचारलं. तर रागावले. पहिल्यांदाच माझ्यावर एवढे रागावले. म्हणाले, "तुझ्या ताईला फोनवर एक शब्द बोललास, तर माझं मेलेलं तोंड बघशील."

ही शपथ त्यांनी भलत्या वेळी घातली. मला रात्रंदिवस दुसरं काही दिसतच नाही.

म्हणून फोन केला नाही. शपथ फोनची आहे, कागदाचं ते काही बोलले नव्हते. हसू नकोस. मला एवढीच फट सापडली.

आता जे सांगायचं टाळतोय ते. आज सकाळी कामाला दांडी मारून मी तो व्हिडिओ क्रेन तपासणीच्या सरकारी ऑफिसात देऊन आलो. दाजींना न विचारता. खिडकीतल्या बाईंनी दोनदा बघितला. माझं शिक्षण विचारलं नाही, फक्त जागा विचारली आणि क्रेनवर कोण असतं ते विचारलं. मी दाजींचं नाव दिलं. त्या म्हणाल्या, आज अर्धाच दिवस, उद्या सुट्टी, तपासणीचा माणूस सोमवारी नाहीतर मंगळवारी येईल. मी म्हटलं, सोमवारी उजाडताच ते वर चढतात. त्या म्हणाल्या, "मग त्यांना चढू देऊ नका." जसं काही ते माझं ऐकतात.

त्यांनी क्रेन बंद करायला लावली तर सुपरवायझर आधी दाजींना काढेल. घर त्यांच्यावर चालतं, मला माहीत आहे. आणि मी चुकलो असेन, बोल्ट ठणठणीत निघाले, तर दाजी माझं तोंड बघणार नाहीत, तूही बघू नकोस. मी काही इंजिनिअर नाही. देवाला रोज तेच सांगतो, मला मूर्ख ठरव. सगळ्या दुकानासमोर ठरव.

आता एक गोष्ट. ती सांगू की नको, कळत नव्हतं. रोज सकाळी दाजी तुला वरून फोन करतात. वर रेंज चांगली मिळते, असं तुला सांगितलंय. खाली आमच्या खोलीतही रेंज चांगलीच आहे, ताई. मी त्यांना विचारलं, मग वरूनच का? म्हणाले, "पहिला भारा उचलायच्या आधी आवाज ऐकून घेतो."

सोमवारी त्या फोनची वाट बघू नकोस. त्याच्याआधी, ते बूट घालत असतील तेव्हा, तूच कर. रडू नकोस, भांडू नकोस, माझं नाव घ्यायचं तर खुशाल घे. चिमणीला उठवून तिच्या हातात फोन दे हवं तर. काहीही खोटं सांग. तू तापाने फणफणलीस म्हण, गाडी पकडून या म्हण. मी शिडीपाशी उभा असेन, पण मला ते बाजूला सारतील. मी तेवढा जड नाही.

वेल्डर दारात उभा आहे, बॅग उचलतोय.

मला उत्तर लिहू नकोस. त्यांना थांबव.

घाबरलेला,
तुझा धाकटा