आईचा वाघ, बाबांचा वाघ

प्रिय दामिनी,

पाकीट बघून घाबरू नकोस, इथे सगळे ठणठणीत आहेत. रोज फोन होत असताना आईला पत्राची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. फोनवर माझं अर्धं वाक्य होतं न होतं तोच तू "हो आई, कळलं" म्हणतेस. वकिलांना समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची सवय नसावी. कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून कागद. शिवाय जन्मभर पोरांचं शुद्धलेखन तपासलेल्या बाईला मोबाईलवर टाइप केलेलं स्वतःचंच मराठी बघवत नाही.

तर मुद्द्यावर येते. मागच्या महिन्यात तू मला सांगितलंस की तिथे पुण्यात प्रशिकच्या शाळेत कथाकथनाची स्पर्धा आहे, त्यानं आजोबांची वाघाची गोष्ट निवडली आहे, आणि सराव करताना तो 'का'ऐवजी "काहून" म्हणाला तेव्हा सगळा वर्ग हसला. "बाबांना सांग ना, रात्री फोनवर वाचतात तेव्हा पुस्तकात आहे तसंच वाचा म्हणावं." स्वतः सांगितलं नाहीस, माझ्यावर सोपवलंस. मी सांगितलं. ते तेव्हा अंगणात स्कूटरचा प्लग साफ करत बसले होते. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाले तरी हात काही स्वस्थ बसत नाहीत. मान वर न करता म्हणाले, "बरोबर आहे तिचं. वाघाले आता पुण्यात राहा लागते." आणि हसले. मीही हसले. मला वाटलं, विषय संपला.

ते पुस्तक अजून तेच आहे गं. बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर, पाठीला वर्कशॉपातली काळी टेप चिकटवलेलं. प्रशिकसाठी बाबांनी इथल्या जरीपटका बाजारातून त्याची रंगीत झेरॉक्स काढून, स्वतः शिवून पाठवली, ती तुझ्याकडे आहेच. तुझे आजोबा नत्थूजी छप्पन साली दीक्षा घेऊन आले तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं असे, घराला रंग नसला तरी चालेल, लेकराच्या उशाशी पुस्तक पाहिजे. त्यांना स्वतःला जेमतेम वाचता यायचं, पण तुझ्या बाबांना ते रोज निजताना एक पान वाचून दाखवत. मी या घरात आले तेव्हा हे मला फार आवडलं होतं. माहेरी आमच्याकडे गोष्टी सांगत, पण कुणी वाचून दाखवत नसे.

मग तू आलीस आणि वाचायला आम्ही दोघं झालो. एक दिवस मी, एक दिवस ते. मी पडले मराठीची शिक्षिका, मी पुस्तकात असेल तसं, विरामचिन्हांसकट वाचणार. भुकेला वाघ बकरीच्या दाराशी येतो, आणि माझा वाघ म्हणायचा, "तू का थांबली आहेस? मला फार भूक लागली आहे." दुसऱ्या दिवशी त्याच पानावर बाबांचा वाघ गुरगुरायचा, "काहून थांबली वं बकरे? मले लय भूक लागून राहिली ना!" बकरी म्हणायची, "थांब गा वाघोबा, माही लेकरं झोपू दे पयले." मग ती पिल्लांना गोष्ट सांगायला लागते आणि ऐकता ऐकता वाघच झोपून जातो. माझ्या दिवशी तू त्या वाघाच्याही आधी झोपायचीस. बाबांच्या दिवशी मात्र पांघरुणातून डोकं बाहेर काढून विचारायचीस, "मंग बाबा, वाघ काय म्हणे?" मला थोडा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

पहिलीत असताना बाईंनी तुला तेच पान वाचायला लावलं होतं, आठवतं? तू बोट ठेवून खणखणीत आवाजात "मले लय भूक लागून राहिली" वाचलंस. बाई म्हणाल्या, इथे असं कुठे लिहिलंय? तर तू त्यांनाच समजावलंस की अक्षर एकच असते, आईनं वाचलं की त्यातून 'मला' निघते आणि बाबांनी वाचलं की 'मले' निघते. बाईंनी हे आमच्या शिक्षकांच्या खोलीत सांगितलं तेव्हा माझी मान खाली जायला हवी होती. उलट मी दिवसभर ज्याला त्याला तेच सांगत सुटले होते. सहा वर्षांच्या पोरीनं असा युक्तिवाद केला, म्हणजे ही वकील होणार हे तेव्हाच ठरलं असं मी आजही म्हणते.

आता पुन्हा त्या फोनकडे येते. बाबांनी तुझं ऐकलं. त्या दिवसापासून ते अगदी पुस्तकातलं वाचू लागले, माझ्यासारखं. मी बाजूला बसून ऐकत होते. एकही चूक नाही, आणि ऐकवतही नव्हतं. दोन-तीन दिवस प्रशिकनं ऐकून घेतलं. मग मधेच थांबवून म्हणाला, "आजोबा, वाघाला बरं नाही का?" बाबा म्हणाले, "सर्दी झाली त्याले." दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन माझ्या हातात दिला, तूच वाच म्हणाले, आणि फिरायला निघून गेले. तेव्हापासून या रविवारपर्यंत रोज मीच वाचत होते. तू विचारलंस तेव्हा मी "बाबा फिरायला गेलेत" एवढंच सांगितलं. तूही पुढे विचारलं नाहीस.

मला माहीत आहे तुझ्या पोटात काय आहे ते. तू पुण्याला शिकायला गेलीस त्या पहिल्या वर्षी हॉस्टेलच्या पोरी तुझ्या "करून राहिली", "जाऊन राहिली"ची नक्कल करायच्या. तू मला एकदाच सांगितलंस, गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करताना, आणि पुन्हा कधी त्यावर बोलली नाहीस. त्या दिवाळीला घरी आलीस ती 'मला' घेऊन. जेवताना बाबांना म्हणालीस, "मला पाणी देता?" त्यांनी पाणी दिलं. मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "पोरगी कोर्टात बोलन उद्या. तिले तसंच बोला लागते." त्यांच्या आवाजात अभिमानच होता. मलाही अभिमान होता आणि आहे. तुझं मराठी ऐकून तुझ्या कोर्टातले लोक गाव ओळखू शकत नाहीत, ही तुझी कमाई आहे, आणि ती तू एकटीनं केलीस. ते 'मला' मीच वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, त्याला मी नावं ठेवणार नाही.

पण रविवारी काय झालं ते ऐक. तू अशिलाकडे गेली होतीस. जावई घरी होते; अश्विनरावांच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल आला, पडद्यावर प्रशिक. मी पुस्तक घेऊन बसले, तर म्हणाला, "आजी, तू नाही. आजोबांना बोलाव. आज मी माझ्या पुस्तकातून वाचणार, त्यांनी तिकडे माझ्याबरोबर नुसतं पान उलटायचं." बाबा चपला घालून दारात उभे होते, ते परत आले. आणि दामिनी, तुझा मुलगा वाचायला लागला. पाठ केलेलं नाही, वाचलं! बोट ठेवून, जोडाक्षराला अडखळून, पुन्हा मागे जाऊन. बकरीचं घर, संध्याकाळ, पिल्लं, सगळं पुस्तकात आहे तसं, स्वच्छ. शिक्षिकेचा कान आहे माझा, मी चूक शोधत होते, सापडली नाही. मग वाघ दाराशी आला. प्रशिकनं पुस्तकातून मान वर केली, पोट फुगवलं आणि गुरगुरला, "काहून थांबली वं बकरे? मले लय भूक लागून राहिली ना!" आणि परत बोट ओळीवर ठेवून पुढचं वाक्य शुद्ध मराठीत. तुझे बाबा इतके दंग झाले की पान उलटायचं विसरले. "आजोबा, पान!" म्हणून ओरडा खाल्ला त्यांनी.

मी मुद्दाम विचारलं, काय रे, सगळं पुस्तकातलं वाचतोस आणि वाघच तेवढा असा का बोलतो? तो म्हणाला, "आजी, गोष्ट पुस्तकाची आहे. वाघ तर नागपूरचा आहे ना!" तीस-बत्तीस वर्षं मराठी शिकवलं मी, पण तुझ्या बाबांचा आणि माझा हा तंटा इतक्या सोप्या शब्दांत मला कधी मिटवता आला नव्हता. मग विचारलं, वर्गातली मुलं हसली तेव्हा तुला वाईट वाटलं का? तर म्हणाला, "हसली म्हणजे त्यांना आवडलं ना, आजी." त्याच्या मनात दुसरं काही आलंच नव्हतं, दामिनी. तू हॉस्टेलात ऐकलेलं हसू वेगळं होतं. त्यानं ऐकलेलं वेगळं आहे.

त्या दिवसापासून तुझे बाबा स्कूटर घेऊन गावभर सांगत सुटलेत, "पोट्टा वाचते आता!" जुने ड्रायव्हर, भाजीवाली, कुणी सुटलं नाही. पण रात्री फोन लागला की ते फक्त पान उलटतात. मी म्हटलं, आता तरी वाचा तुमच्या वाघाचं. तर म्हणाले, "दामूनं नाही म्हटलं आहे. तिनं म्हटल्याबगर नाही." रागावलेले नाहीत. तुझा शब्द त्यांना मोठा वाटतो, एवढंच आहे.

म्हणून हे पत्र. स्पर्धेला आम्ही दोघं येतोय, नरखेडची संत्री घेऊन, पुढच्याच रांगेत बसणार. प्रशिकला त्याचा वाघ त्याच्या मनासारखा बोलू दे. बक्षीस मिळो न मिळो, या घरातलं तिसरं पोर बोट ठेवून वाचायला लागलं, माझं बक्षीस मला मिळालं. पण आम्ही येण्याआधी एकदा, मला नव्हे, बाबांना फोन लाव. गोष्टीच्याच वेळेला लाव. माफी नको, समजावणं नको. एवढंच विचार, "बाबा, मले सांगा ना, वाघ काय म्हणे?" 'मले'च म्हण. लाल पेन मी कपाटात ठेवून दिलं आहे. आणि त्यांना सांगू नको वं, का मी तुले हे लिहून राहिली.

तुझीच,
आई