पारसमलची शब्दवही

चोपडा,
१० जुलै १९६७

प्रिय कुंदा,

तुझं पत्र आलं. वसतिगृहाच्या भाजीत पाणी किती आणि भाजी किती, हे तू इतकं रंगवून लिहिलंस की आधी हसू आलं, मग ओढणीत तोंड खुपसून रडले. तू जळगावच्या कॉलेजात बसतेस आणि मी गच्चीवर पापड वाळत घालते. हेवा वाटतो गं तुझा, लपवून काय करू? बाजारात तुझी आई भेटली. धुरपदाकाकूंना वाटतं, मीही परीक्षा दिली. “तुनं डोकं तेज शे पोरी, तू पास व्हयनी व्हशीच,” म्हणाल्या. बसलेच नाही, हे न सांगता मी भाजीचा भाव विचारत पुढे सरकले.

फॉर्म भरायच्या वेळी मला कावीळ झाली, असं तुला सांगितलं होतं. खोटं होतं ते. जळगावच्या पारसमलशी माझी सगाई झाली, सोहनलालजी डाळमिलवाल्यांचा मुलगा, हे तुला ठाऊक आहे. तो मागच्या वर्षी इंग्रजीत नापास झाला, हे ठाऊक नाही. आमच्या घरात नवऱ्यामुलाच्या आधी मुलीने मॅट्रिक होणं म्हणजे त्याच्या पगडीला हात घालणं. बाबूजी म्हणाले, आधी तो पास होऊ दे, मग तुझा फॉर्म. आणि तो पास झाला की लगेच लग्न, मग कसली शाळा! इकडे आड, तिकडे विहीर. एकच फट होती. पुन्हा नापास झाला तर सगाई मोडू, असं बाबूजी आईजवळ बोलले, ते मी दाराआडून ऐकलं.

त्यातच सोहनलालजींचा निरोप आला. मुलगी इंग्रजीत हुशार आहे, तर तिनेच त्याला शब्दांचे अर्थ लिहून द्यावेत. पत्राला बंदी, वहीला परवानगी! आमचे मुनीम बन्सीलालजी दर सोमवारी एस.टी.ने जळगावला जातात, त्यांच्या पिशवीतून वही ये-जा करायची. डावीकडे त्याच्या अक्षरात इंग्रजी शब्द, उजवीकडे माझ्यासाठी कोरी जागा. तोताराम सरांनी आपल्याकडून घोकून घेतलेले शाळेविषयीचे तेच अवघड शब्द. मी पानं भरत गेले.

गेल्या महिन्यात निकाल लागला. तो नापास. निबंध होता ‘माझी शाळा’. त्याने लिहिलं, मी लहानपणापासून ट्रूअंट आहे, म्हणून हेडमास्तरांनी भर सभेत मला एक्स्पल्शन दिलं आणि वडिलांनी पेढे वाटले. म्हणजे शाळा बुडवणारा आणि शाळेतून हकालपट्टी! पेपर देऊन आल्यावर शिकवणीच्या मास्तरांना त्याने हे हौसेने ऐकवलं. आता मिलमधले हमालसुद्धा त्याला ट्रूअंटशेठ म्हणतात. आमचा झुंबरलालभाऊ हे सांगताना पोट धरून हसत होता. घरातले सगळे हसले. मीही हसले, कुंदा. हसावंच लागलं.

कारण ते अर्थ मी लिहिले होते. चुकून नाही, जाणूनबुजून. ट्रूअंटपुढे ‘नियमित विद्यार्थी’, एक्स्पल्शनपुढे ‘जाहीर सत्कार’. असे चाळीस तरी शब्द असतील. त्याने एकदाही डिक्शनरी उघडली नाही, माझ्या लिहिण्यावर इतका भरवसा. एकदा समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘तुमचं अक्षर वाचायला बरं वाटतं.’ ते वाचूनही पुढचं पान मी तसंच भरलं. फार वाईट मुलगी आहे मी.

आणि सगाई मोडलीच नाही! करायला गेले गणपती, झाला मारुती. दोघा वडिलांनी बसून ठरवलं, मुलगा पेढीवर बसेल, मग मुलीला मॅट्रिक कशाला हवं? मार्गशीर्षात लग्न. आईने माझी पुस्तकं शेजारी वाटूनसुद्धा टाकली.

त्याहून वाईट पुढेच आहे, मुनीमजींकडून कळलं. सोहनलालजींनी त्याला विचारलं, हे अर्थ कुठून आणलेस? वही त्याच्या हातात होती. तो म्हणाला, मीच चुकीचं पाठ केलं. थप्पड खाल्ली, माझं नाव घेतलं नाही. ऑक्टोबरला पुन्हा परीक्षेला बसायला फॉर्म मागितला, तर डोकंच नाही त्याला फॉर्म कशाला, म्हणून हाकलून दिलं. आज मुनीमजींनी वही परत आणली. माझ्या प्रत्येक खोट्या अर्थापुढे त्याने डिक्शनरीत पाहून खरा अर्थ लिहिला आहे, अगदी नीटनेटका. रागाचा एक शब्द नाही. शेवटच्या पानावर एवढंच आहे, ‘ही वही जाळून टाका. कोणाला दाखवू नका.’

म्हणून हे पत्र. आपल्या शाळेच्या लताबाई उद्या जळगावला जाताहेत, त्यांच्या हाती देते. सोबत ती वही आहे आणि सोहनलालजींच्या नावाची चिठ्ठी. चिठ्ठीत सगळं कबूल केलंय, खाली सही केली आहे. ऑक्टोबरच्या फॉर्मची मुदत शनिवारी संपते. त्याआधी मिलवर जा आणि दोन्ही सोहनलालजींच्याच हातात दे. पारसमलच्या नको, तो जाळून टाकेल. तुझ्या पाया पडते, एवढं कर. चिठ्ठी वाचून ते त्याला फॉर्म भरू देतील, पण सगाई मोडतील. चार महिन्यांपूर्वी मला तेच हवं होतं. आता नको आहे गं, अजिबात नको आहे. पण हे त्यांना सांगू नकोस, फक्त वही दे.

तुझीच अभागी,
राजकुंवर