फवारणीच्या प्रोग्रामवरची सही

१८ मार्च १९९९, रहिमतपूर

मिळाली एकदाची सही! कागदावरची नव्हे, कॉम्प्युटरची. द्राक्षांवर कधी फवारायचं ते सांगणारा माझा प्रोग्राम कुणी नेटवरून उतरवला की पडद्यावर पाटी यायची — बनवणारा अज्ञात. साठी ओलांडली, सगळी गल्ली ओळखते, आणि मी अज्ञात?

सांगलीचा कॉम्प्युटरवाला सयाजी म्हणाला होता, "आक्काताई, माझ्या दुकानाच्या नावानं सही मारू. म्हातारीचं नाव बघून कोण घेतंय?" म्हटलं, पोर माझं, बारसं तुझ्या घरी कशाला? लेकीनं, आम्रपालीनं, पुण्यातून सही देणाऱ्या कंपनीला कागद धाडून माझ्याच नावाची सही आणली.

२१ मार्च

सही करून प्रोग्राम सयाजीकडे दिला. फ्लॉप्या तोच काढून विकणार. आता त्यातलं एक अक्षर जरी कुणी हलवलं, तरी तपासताना सही मोडलेली दिसणार. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून गाठ मारावी, तसं.

२६ एप्रिल

वडूजला, भाचीच्या लग्नात. दोन दिवस मशीन बंद. जिलेबी बरी होती.

२८ एप्रिल

कुंडलहून नानासोंचा फोन. माझं पहिलं गिऱ्हाईक.

"आवं आक्काताई, सव्वीसला मशीन चालू केलं ते झोपलंच. समदं पुसलं गेलं. गावात आनी चौघांची तीच गत." सांगलीच्या जाणकारानं माझ्या फ्लॉपीतच व्हायरस दाखवला म्हणे, वर्षातून एकदाच, बरोबर सव्वीस एप्रिलला उठणारा. "तुमचं नाव बघून घेतली हुती वं," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मागोमाग सयाजीचा फोन. "नावाची लय हौस हुती न्हवं?"

माझं मशीन तर ठणठणीत आहे. व्हायरस शिरला तो त्याच्याच दुकानात! म्हटलं, नानासोंना आणि ती फ्लॉपी घेऊन ये. त्यांच्यासमोर सही तपासते. मोडलेली निघाली, की कुंडलमध्ये तोंड दाखवून बघ.

३० एप्रिल

दोघं आले. फ्लॉपी घातली.

सही शाबूत. एक अक्षर हललेलं नाही.

म्हणजे व्हायरस सहीच्या आधीचा. माझ्याच घरातला. लग्नाला गेले म्हणून माझं मशीन तेवढं वाचलं.

नानासोंचा चहा तसाच राहिला. म्हटलं, थांबा, चप्पल घालते. कुंडलात घरोघर मीच सांगणार. नाव माझं आहे.