घंटीशी घेतलेला निरोप

बाई, मला फार राग आला आहे आणि या घरात तो मराठीतून ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हांला लिहितो आहे. तुम्ही गेलात त्याला इतका काळ लोटला की माझ्या मुलाला तुम्ही म्हणजे मी रचून सांगितलेली एक गोष्ट वाटता. मी लखनौला आलो तो संशोधन संस्थेतल्या नोकरीसाठी, चार-दोन वर्षांत परत जाऊ म्हणून, आणि इथेच म्हातारा झालो. बायको गेली. मुलाला मराठी सगळी समजते, पण उत्तर देतो हिंदीत. सून इथलीच, मोठी अदबीची, माझ्या कविता ऐकताना मान डोलावते आणि चुकीच्या जागी डोलावते. मनातलं मराठीत बोलायला एकच माणूस होता, आणि त्याला एका प्लॅस्टिकच्या डबीनं माझ्या दारातून परत पाठवलं. ही अतिशयोक्ती नव्हे. तो अलंकार तुम्हीच शिकवलात, फरक मला कळतो.

सुरुवातीपासून सांगतो. आमच्याकडे गेले काही महिने ‘स्मार्ट होम’ चाललं आहे. दिवे आता सांगितल्यावर लागतात. मी ‘दिवा लाव’ म्हटलं की मात्र एक बाई आतून म्हणते, माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई. मी सोडून दिलं, अंधारात बसायची मला सवय आहे. मग एका रविवारी मुलगा स्टुलावर चढला आणि दारावरची जुनी बेल उचकटून काढली. तिचा आवाज घसा बसलेल्या कोंबड्यासारखा होता हे मान्य, पण अख्ख्या घराला ऐकू जायचा. तिच्या जागी बिनतारी बेल आली. बाहेर कॅमेऱ्याचा डोळा असलेलं बटण आणि आत सॉकेटमध्ये खोचायची पांढरी डबी, तिला चाइम म्हणतात. दोघांची आधी ओळख करून द्यावी लागते. बटण दाबून धरायचं, डबीवर निळा दिवा लुकलुकला की पत्रिका जुळली. मग सूर निवडायचा. “पापा, कौन सी ट्यून रखें?” एवढं मला विचारलं, खोटं कशाला बोलू. बासरी होती, चिमण्या होत्या, देवळातली घंटा होती, एक इंग्रजी बँड होता. मी म्हटलं, “माणूस आल्यासारखा आवाज आहे का यात कुठला?” “अरे यार पापा,” म्हणाला आणि चिमण्या लावून मोकळा झाला.

डबी बसवली बैठकीत. माझी खोली मागे, मध्ये दोन भिंती आणि एक फ्रीज. चिमण्या माझ्यापर्यंत पोचेनात. मी म्हटलं, माझ्या खोलीतही एक लाव की. तर म्हणतो, “आपको डिस्टर्ब होगा। दिन भर कूरियर वाले आते हैं। और मेरे फोन पे नोटिफिकेशन आता है न, मैं ऑफिस से ही बात कर लूँगा।” मी म्हटलं, “अरे, आता कुणी येऊन डिस्टर्ब करावं एवढंच तर माझं राहिलंय.” सून हसली, तो हसला, मीही हसलो. आता त्या हसण्याचाही राग येतो.

माझा तो मित्र रेल्वेत इंजिनियर होता. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला हजरतगंजमधल्या कचेरीत रांगेत उभा होतो, कंटाळून चौथीतली एक कविता गुणगुणत होतो, आणि पुढची ओळ आठवेना. ती मागून कुणीतरी पुरी केली. मी वळून पाहिलं तर हा. त्याची शाळा विदर्भातली, माझी कृष्णाकाठची, पुस्तक एकच, चाल मात्र वेगळी. त्या चालीवरून आम्ही पुढे वर्षानुवर्षं भांडलो. तुमची चाल म्हणून दाखवली की म्हणायचा, “हे काहून असं बाप्पा? आजारी माणसाला उठवून बसवल्यासारखी चाल आहे तुझ्या बाईंची.” मी म्हणायचो, तुझी चाल म्हणजे मालगाडी, कुठं थांबायचं तिलाच माहीत नाही. तो वृंदावन योजना नावाच्या लांबच्या वसाहतीत एकटा राहायचा. मनात आलं की शहर ओलांडून आमच्या अलीगंजला यायचा, आणि बेलला हात न लावता लोखंडी जाळी खडखडवून ओरडायचा, “कविराज, आहात का आटोपलात?” शेजारी खिडक्या उघडून बघायचे. फोनचं त्याला वावडं. फोन निरोपापुरता, गाडी किती लेट आहे तेवढं सांगायला, हे त्याचं रेल्वेतलं तत्त्व.

आणि त्या दुपारी तो येतो, बाई. घरात मी एकटा, मागच्या खोलीत आडवा पडून एक विसरलेलं कडवं जुळवतो आहे. जाळीवर आता सुनेनं कुरियरवाल्यांसाठी पाटी लावली आहे, कृपया घंटी बजाएँ. तो रेल्वेचा माणूस, पाटीवर लिहिलेलं पाळणारा. बटण दाबतो. बैठकीत चिमण्या चिवचिवतात आणि तिकडे हजरतगंजातल्या ऑफिसात मुलाचा फोन थरथरतो. मुलगा तिथून माझ्या दारात बोलतो, “अंकल, पापा सो रहे हैं।” हे त्याला कुणी सांगितलं? म्हणे, दोपहर में आप सोते ही हैं. संध्याकाळी चहा पिता पिता मला सांगतो, “अच्छा पापा, अंकल आए थे। बोले, फिर आएँगे।”

मी वाट पाहिली. सुनेनं त्याच्यासाठी साबुदाणा भिजवला, कारण खिचडी तो माझ्याच घरी खायचा. दुसऱ्या दिवशी तो साबुदाणा आम्हीच संपवला आणि तिनं पुन्हा भिजवला, बिचारीची त्यात काय चूक. मी खुर्ची बैठकीत आणली, डबीच्या समोर. चिमण्या बोलल्या की उठायचो. दूधवाला, पार्सल, गॅस. शेवटी ऑटो केली आणि वृंदावन योजनेत गेलो. दाराला कुलूप. शेजारच्या बाई बाहेर आल्या. “अरे, अंकल तो बिटिया के पास नागपुर चले गए। हमेशा के लिए। सामान भी गया।” मी कुलूप ओढून पाहिलं. त्या म्हणाल्या, “आपसे मिलने गए तो थे? हमसे कह रहे थे, बस एक जगह जाना है, और कहीं नहीं।”

घरी येऊन मी जे बोललो ते लिहीत नाही. मुलगाही चिडला. “उन्होंने खुद बोला था पापा! सुन लीजिए।” त्या बटणात सगळं साठतं म्हणे. त्यानं फोन माझ्यासमोर धरला. चित्रात माझा मित्र, डोकं मोठं आणि पाय बारीक, इस्त्रीचा शर्ट घातलेला. कुठं बघून बोलायचं ते कळत नाही, म्हणून जाळीकडे बघून बोलतो आहे. “झोपलाय का? मग नको उठवू बेटा. झोपू दे त्याले.” थोडा थांबतो. मान हलवतो. “बरं. येतो मग.” आणि जाता जाता त्या बटणाला नमस्कार करतो.

“देखा?” मुलगा म्हणाला. “येतो। मतलब आता हूँ। तो आएँगे ही न?”

बाई, मी मराठीत वाढवलेला मुलगा हा. शब्दाचा अर्थ त्यानं बरोबर सांगितला. परीक्षेत गुण मिळाले असते.

तेव्हा मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. वडिलांची बदली झाली होती, आम्ही गाव सोडणार होतो, आणि मी तुम्हांला नमस्कार करायला आलो होतो. तुम्ही चुलीपाशी बसून भाकरी थापत होता. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, “बाई, मी जातो.” तुमचा हात थांबला. “काय म्हणालास? मागं फिर. बस इथं.” मला पाटावर बसवलंत, हातावर गूळ-शेंगदाणे ठेवलेत. “जातं असतं दळायचं. माणसानं येतो म्हणून निघावं.” मी तुमचाच विद्यार्थी, व्याकरण सोडीन कसा? म्हटलं, “पण बाई, आम्ही आता परत येणारच नाही. मग खोटं होईल ना?” तुम्ही भाकरी उलटलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, “येणार नसलास तर जास्तच म्हणायचं.” मी गूळ तोंडात घेऊन ‘येतो’ म्हणालो होतो. नीट ऐकू तरी आलं का तुम्हांला?

हे मी मुलाला सांगितलं. हिंदीत सांगितलं, म्हणजे पळवाट नको. तो “सॉरी पापा” म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक डबी आणून माझ्या पलंगाशेजारी खोचली, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा निळा दिवा. “अब सुनाई देगा।” मी म्हटलं, आता कशाला? आता कोण यायचं राहिलंय? हे मी फार कडवट बोललो, आणि अजून मला ते योग्यच वाटतं. माझ्या दाराशी आलेल्या माणसाला बस म्हणायचं की परत जा म्हणायचं, हे हजरतगंजातल्या ऑफिसात बसून कुणी ठरवायचं नाही. झोपलो असेन तर उठवा मला. मेलो असेन तरी एकदा हाक मारून बघा. राग त्या मित्राचाही येतो. आयुष्यभर जाळी खडखडवलीस आणि नेमकी त्या दिवशी पाटी वाचायला गेलास?

मुलगा म्हणतो, फोन कर लीजिए न. सून तर नंबर लावून फोन हातात देते. मी सांगतो, थांबा, आधी एक पत्र लिहायचं आहे. त्यांना वाटतं पत्र नागपूरला जाणार आहे. हे कुठेच जाणार नाही, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे, आणि रागाचं म्हणाल तर, बाई, तो काल-परवाच पुष्कळसा ओसरला. मीच त्याला ऊन करून करून ठेवतो आहे. तो संपला की फोन करावा लागेल. मग मित्र पलीकडून काहीतरी टोमणा मारील, मी त्याच्या मालगाडीवर बोलेन, आम्ही दोघं हसू, आणि सगळं बोलून झालं की शेवटी मला त्याला ‘ठेवतो’ म्हणावं लागेल.